सगळं पुसा

त्या बटणावर मी लिहिलं होतं, ‘सगळं पुसा’. दोनच शब्द, ठसठशीत, निळ्या पट्टीवर पांढरे. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की त्या दिवशी वेलची घालून चहा केला.

काम असं होतं. जगभर विखुरलेले आम्ही काही हौशी लोक मिळून संगणकाची एक मूळ प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, तयार करतो. ती कुणालाही फुकट मिळते आणि हवी तशी बदलून घेता येते. पडदा कसा दिसावा, कोणते प्रोग्रॅम हवेत, ज्याचं त्यानं ठरवावं. फक्त ती संगणकावर बसवायची म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागत. त्यामुळे वापरणारे सगळे आमच्यासारखेच, चष्मेवाले आणि हट्टी. माऊस हलवता येणाऱ्या कुणालाही ती बसवता यावी, असे पडदे आखायचं काम मी कोल्हापुरात घरी बसून अंगावर घेतलं. मराठीही मीच लिहिली; संगणकातलं जुनं सगळं पुसून नवी प्रणाली घालायची, ते बटणही त्यातलंच. त्यासाठी कुणाला विचारायची गरज मला वाटली नाही.

पहिली परीक्षा आत्याकडे. राधानगरीच्या वाटेवर एका गावात तिचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. मजकूर जुळवणं, गणपती बसवणं, छापणं, सगळं एकटी करते. तिचा संगणक इतका म्हातारा झाला होता की शहरातल्या दुकानदारानं बघताक्षणी सांगितलं, “बाई, भंगारात घाला.” लग्नसराई तोंडावर आली होती. संगणक नाही तर पत्रिका नाहीत, आणि पत्रिका नाहीत तर दुकान कसलं? मी छाती काढून म्हटलं, माझी प्रणाली जुन्या यंत्रावरही पळते. पेनड्राइव्ह घेऊन एसटीनं गेले. परीक्षेचा नियम म्हणून हात पाठीमागे बांधून उभी राहिले. नुसतं बघायचं, बोलायचं नाही.

आत्यानं चष्मा नाकावर ओढला, ‘सगळं पुसा’ वाचलं, समाधानानं मान डोलावली आणि बटण दाबलं. पडद्यानं विचारलं, ‘नक्की पुसायचं?’

“व्हय की,” ती पडद्यालाच म्हणाली आणि परत दाबलं.

काय धीट बाई आहे, मला वाटलं. पट्टी अर्ध्यावर सरकली तेव्हा ती वैतागली. “आगं, ह्यो पुसंना का अजून?”

“पुसतोय की.”

“कुठं? एक प्रश्न इचारला न्हाय त्यानं!”

‘मला न पुसता कुठं गेलतीस?’ हे तिच्याच तोंडून ऐकत मी वाढले होते. आमच्या गावाकडं पुसणं म्हणजे विचारणं. आत्याला वाटलं, यंत्र अदबीनं म्हणतंय, सगळं विचारून घेऊ का? मी खरा अर्थ सांगितला, तशी तिनं वायरच उपटली. आता संगणकात जुनंही राहिलं नव्हतं आणि नवंही आलं नव्हतं.

मला राग आला, आणि लाज वाटते सांगायला, तिचाच आला. “एवढं मोठं लिहिलंय आत्या, नीट वाचायचं नाही का?”

“नीटच वाचलं. तू नीट ल्हिलं न्हाईस.”

मग एकदम त्या संगणकातल्या तिच्या वर्षानुवर्षांच्या पत्रिका आठवल्या आणि मी ओरडलेच, “आत्या, तुझ्या पत्रिका गेल्या!” आत्यानं शांतपणे ड्रॉवर उघडला आणि पत्रिकेच्या पाकिटातून एक पेनड्राइव्ह काढला. “तू येनार म्हटल्यावर कालच काढून ठिवल्या. तुझ्यावर भरवसा न्हवता.” इतका अपमान आणि इतका आनंद मला एकाच दमात कधी मिळालेला नाही.

बाजूला सर, तासाभरात बसवून देते, मी म्हटलं. तिनं मला खुर्चीला हात लावू दिला नाही. “तू दिलंस बसवून, आन पुन्यांदा बिघडलं की मी कुनाच्या दारात जाऊ? मीच बसवनार. सराईला आठ दिवस हायत. ल्हिनं सुधारून ये.”

प्रकल्पातल्या मंडळींना हे कळवलं तर त्यांचं उत्तर आलं, शब्द बदला आणि पुढे चला. मी मुळीच ऐकलं नाही. कडाकडा भांडले. शब्द तर चुकलाच होता, पण पुसायच्या आधी आपण काहीच पुसत नव्हतो, हे दुखणं शब्दाच्याही खालचं होतं. औषध आत्यानंच फोनवर सांगितलं. “मी गिऱ्हाइकाला आधी कच्चा कागद दावतो. नावं बघा, मुहूर्त बघा, मग सही करा. सहीबिगर मशीन चालू करत न्हाय. तुझं यंत्र का करतंय?”

तोच कच्चा कागद मी पडद्यावर उतरवला. आधी साधे प्रश्न: काम काय करता, जुनं ठेवायचं का, काय काय हवं. मग एका पानावर सरळ वाक्यांत, हे राहील, हे कायमचं जाईल, हे नवीन येईल. खाली सहीच्या जागी स्वतःचं नाव टाइप करायचं. तोपर्यंत कशालाही धक्का लागणार नाही.

आठव्या दिवशी मी पुन्हा हात पाठीमागे बांधून उभी. आत्यानं एकेका प्रश्नाला मोठ्यानं उत्तर दिलं, कच्चा कागद दोनदा वाचला आणि एका बोटानं पूर्ण नाव टाइप केलं. नवा पडदा उजळला, तिनं आपल्या पत्रिका आत घेतल्या, आणि छपाईयंत्रातून पहिली पत्रिका सळसळत बाहेर आली. मी दुकानात अक्षरशः उडी मारली. आत्या फक्त म्हणाली, “आधी पुसावं, मग पुसावं. एवढंच हुतं की.” ते वाक्य मी आमच्या आराखड्याच्या पहिल्या ओळीत घातलं. परदेशी मंडळींना त्याचं भाषांतर अजून जमलेलं नाही.

परवा एक केबल आणायला, आत्याचा संगणक भंगारात काढणाऱ्या त्याच शहरातल्या दुकानदाराकडे गेले होते. माझ्यापुढे एकजण जुना संगणक पोत्यात घालून उभा होता. दुकानदारानं तो उलटसुलट केला, मान हलवली आणि म्हणाला, “पावनं, भंगारात घालू नगासा. राधानगरीच्या वाटंला पत्रिकावाल्या बाई हायत, त्यास्नी पुसा.”