तोंडात पाणी धरायचा खेळ

कॉलेजात एकदा सर म्हणाले की, घरातल्या रोजच्या खेळातून मूल स्वतःला आवरायला शिकतं. आमच्या घरात शिकलेला मी पहिलाच. वर्गात बोलायची मला भीती वाटते. हात वर करावासा वाटला, पण केला नाही. जे सांगायचं होतं ते इथं लिहितो. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

आमचं गाव अणदूरच्या अलीकडं. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरलेले वडील सरहद्द ओलांडून सोलापूरकडं गेले होते आणि त्यांच्या शोधात हत्यारबंद टोळी गावात यायची. पहिल्या धाडीला आई, मी आणि माझा चार वर्षांचा भाऊ एका शेजाऱ्याबरोबर जोंधळ्याच्या रानात दडलो. गावात गोळी वाजली आणि भाऊ किंचाळला. त्या आवाजावर टोळीतले दोघं रानात शिरले. आमच्या पुढं बसलेल्या शेजाऱ्याला त्यांनी पाय धरून बांधावर ओढलं आणि कुऱ्हाडीनं तोडलं. जोंधळ्याच्या ताटांवर उडालेलं रक्त मला दिसत होतं; त्यांना मात्र मागं दडलेले आम्ही दिसलो नाही. आईनं भावाचं तोंड इतकं दाबून धरलं होतं की त्याचा ओठ आतून फाटला.

तेव्हापासून भांडं पडलं तरी तो किंचाळायचा.

"वहिनी, अफूची गोळी द्या त्याला," चुलते म्हणाले. "रानात कामाला जाताना बाया देत न्हाईत का?"

"पल्याडच्या आळीत दिली न्हवं एकीनं, भावजी? धाड गेली, पर लेकरू उठलंच न्हाय."

"मग ह्याच्या भोंग्यापायी समद्यांनी माना द्यायच्या?"

दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना आईनं भावाला जवळ बसवलं. "तोंडात पाणी धर. ही भाकर फुगंस्तवर गिळायचं न्हाय, थुकायचं न्हाय. जिंकलास तर चानकी तुझी." चानकी म्हणजे उरल्या पिठाची इवलीशी भाकर. भाऊ लगेच हसला आणि सगळं पाणी चुलीत गेलं. चुलीतून धूर उठला. आईही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मग रोज हा खेळ. एक भाकर, मग दोन, मग सगळ्या भाकरी होईपर्यंत. तो तयार झाल्यावर आईनं मला कामाला लावलं. मी मागून जाऊन तांब्या आपटायचा, मुसळानं दार बडवायचं. पहिल्यांदा तो दचकून ठसकला. पण तोंडात पाणी असलं की किंचाळी बाहेर पडत नाही, हे त्याचं त्यालाच कळलं.

चुलते थट्टा करायचे. "पोरगं हाय का घागर?"

दुसरी धाड भर दुपारी आली. आमच्या घराच्या जाड भिंतीत धान्य साठवायचं बळद होतं. सरकारी लेव्हीच्या सक्तीच्या वसुलीत जोंधळा गेल्यामुळं ते रिकामंच होतं. त्याचं तोंड वर, छताजवळ. आम्ही तिघं शिडीनं चढून आत उतरलो. शिडी काढायला खाली कुणीतरी राहायला हवं होतं. चुलते राहिले.

अंधारात आईनं तांब्या भावाच्या तोंडाला लावला. "धर," ती पुटपुटली.

"भाऊ कुठं हाय तुझा?" खाली कुणीतरी वडिलांबद्दल चुलत्यांना विचारलं.

"ठाव न्हाय."

बंदुकीचा दस्ता बसला. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. दात फरशीवर पडल्याचं ऐकू आलं. मग त्यांनी चुलत्यांचा हात उंबऱ्यावर ठेवून ठेचला, हे मागाहून कळलं. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. चुलते गुरासारखे ओरडले, पण वर बळदाकडं त्यांनी पाहिलं नसावं, कारण कुणी वर आलं नाही. भावाचे गाल फुगलेले होते. माझ्या हाताला त्याचे आसवांनी भिजलेले गाल लागत होते, ओठ मात्र कोरडे होते.

ते गेल्यावर आई म्हणाली, "थुक, बाळा. जिंकलास तू."

तो थुंकला नाही. आईनं गाल दाबले तेव्हा पाणी हनुवटीवरून ओघळलं. पण आवाज आला नाही, तो पुढं कितीतरी दिवस आला नाही. रडणं नाही, हसणं नाही, हाक नाही. घागरीतून घोट भरून तो बळदाखाली गाल फुगवून बसायचा. आई चानकी पुढं धरायची, तो मान हलवायचा. लोक म्हणू लागले, पोर मुकं झालं. आईनं त्याच्यासमोर पुन्हा भाकरी थापली नाही. तेवढ्यापुरतं त्याला बाहेर न्यायला ती मला सांगायची.

राज्य गेलं, वडील परतले, तरी तो तसाच होता.

एका सकाळी तो असाच गाल फुगवून बसला असताना चुलते त्याच्या शेजारी जाऊन बसले. हात अजून फडक्यात बांधलेला. डाव्या हातानं त्यांनी तांब्या उचलला. "चल, बघू कोण जिंकतंय."

त्यांनी घोट भरला आणि ओठ मिटले. पुढचे दात नव्हते, वरचा ओठ वाकडा भरून आलेला. पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट समोरून जाणाऱ्या आईच्या अंगावर. त्यांनी पुन्हा घोट भरला, पुन्हा तेच.

"मला काय धरता येतंय, लेका? दारच मोडलंय."

भावाचे गाल थरथरले. मग फस्सकन सगळं पाणी बाहेर आलं. तो हसत होता. हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो किंचाळू लागला, रानात किंचाळला होता तसा. आई धावली, तिचा हात सवयीनं त्याच्या तोंडाकडं गेला.

चुलत्यांनी तो हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, वहिनी," ते म्हणाले. "करू द्या भोंगा."