उन्हात वाळवलेलं सिमेंट
ओल्या सिमेंटचा वास आला की मला अमरावतीच्या आमच्या घराची गच्ची आठवते. इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टसाठी केलेले सिमेंटचे ठोकळे मी तिथे कुरडयांसारखे कडक उन्हात वाळवले होते. कॉलेजच्या यंत्राखाली ते बिस्किटासारखे फुटले आणि मी रडकुंडीला आले. शेजारचं घर बांधणारे बडनेऱ्याचे मिस्त्रीचाचा म्हणाले, "कावून वाळवले, बेटा? सिमेंट वाळून नाही, पानी पिऊन पक्कं होते." नवे ठोकळे मी त्यांच्याच बांधकामावरच्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवले, आणि ते टिकले. आता मी संशोधनासाठी संगणकावर सिमेंटच्या रेणूंचं मॉडेल तुटेपर्यंत ताणून पाहते. जिथे पाणी पोचलेलं नसतं तिथे जोड धरत नाहीत, आणि तडा तिथूनच जातो. परवा चाचांना फोन करून हे सांगितलं, तर खूश होऊन म्हणाले, "म्हंजे तुझा कम्प्यूटरबी आता मिस्त्री होऊन राहिला!"