टिपणीसांचा कोयता

खांदा कॉलनीतले टिपणीस रिटायर झाले, बायको गेली, आणि एक्क्याण्णव साली त्यांना प्रबळगडाचं वेड लागलं. आम्ही शेजारी हसलो. सोबत कोणी निघालं नाही. वाटेतली झुडपं तोडायला कोयता घ्यायचा होता, तेव्हा मात्र मी त्यांच्याबरोबर गेलो, तेवढीच चघळायला बातमी.

"किती जना जाताव?" दत्ता लोहाराने टिपणीसांना विचारलं.

"एकटाच."

"मंग मोठा कशाला? यो बारका न्या, काट्याकुट्याला पुरं."

दत्ताने रिवाजाप्रमाणे कोयता खाली ठेवला. धारेची वस्तू हातोहात दिली की दोघांत भांडण होतं म्हणतात.

"हातातच दे रे," टिपणीस म्हणाले. "वर्षभरात माझ्याशी कोणी भांडलेलंसुद्धा नाही."

दत्ता देईना. शेवटी मीच उचलून त्यांच्या हातात दिला.

रविवारी ते एकटेच गड चढून आले. सोमवारी सकाळी मी त्यांच्या दारात, पाण्याच्या मोटरवरून भांडायला हजर!