विहिरीवरच्या मोटरीची साक्ष

आजवर कुणालाच सांगितलं नाही ते लिहितो. आमच्या चर्चच्या मंडळीत उभं राहून मी दिलेली सगळ्यांत गाजलेली साक्ष खोटी होती. ज्या मोटरीसाठी मी देवाचे आभार मानले, ती मी भरलीच नव्हती. बायकोनं भरली होती.

सास्तूरजवळ माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. जळालेली तार काढायची, तिचे वेढे मोजायचे, नवी तांब्याची तार तितकेच वेढे घालून भरायची, मग वॉर्निश लावून वाळवायची. मी याला पोटाचं काम म्हणायचो. देवाचं काम म्हणजे सभेत बोलणं, असा माझा पक्का समज.

ऐन मे महिन्यात गावच्या विहिरीवरची मोटर जळाली, आणि नेमकं वाशीला प्रार्थनासभेत बोलायचं बोलावणं आलं. घाईघाईत मोटर भरली. वेढे चुकले. दुकानातच चालू करून पाहिली तसा दहा मिनिटांत धूर. दुकानात माझ्या हाताखाली काम करत आलेली बायको म्हणाली, एक दिवस उशिरा जा. देवाचं काम तारेसाठी थांबत नसतं, असं तिला सुनावून मी बस धरली.

तिसऱ्या दिवशी परतलो तर माणसं मोटर विहिरीत बसवत होती. मी जायच्या आधी भरून ठेवली असणार, असंच सगळे धरून चालले होते. स्टार्टर दाबायला मलाच पुढं केलं. दाबला, आणि काय सांगू, असा एकसुरी, गोड आवाज! पाईप थरथरला, आधी गढूळ चूळ पडली, मग मनगटाएवढी स्वच्छ धार. लिहितानाही अंगावर काटा येतोय. बाया घागरी घेऊन पळत सुटल्या. एका म्हाताऱ्यानं पाठीवर थाप मारली, "उस्ताद, हातात लई गुण हाय तुमच्या."

मी हसलो. रांगेत बायको उभी होती, बोटांना चिंध्या बांधलेल्या. तारेनं कापलेली ती बोटं बघून सगळं तिथंच कळलं, तरी ती शाबासकी मी ठेवून घेतली. रविवारी तर देवानं माझे हात कसे वापरले ते मंडळीला रंगवून सांगितलं.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "वेढे मी किती घातले, तेवढं तरी साक्षीला उभं राहायच्या आधी मला विचारायचं होतं."

शांत राहावं, आपापल्या हातानं काम करावं, असं पवित्र शास्त्र सांगतं. ते मी कितीतरी सभांत समजावून सांगितलं, आणि घरात ती ते रोज जगत होती. तिच्या त्या शांतपणाआड मी इतकी वर्षं लपलो.

आज सकाळी पाळकसाहेबांना सांगून आलो, या रविवारी मला साक्ष द्यायची आहे. बायकोला सांगितलं तर तिनं हातातली तार खाली ठेवली नाही. "बोला," म्हणाली, "पण या खेपेला मोजून."

ती मोटर तिनं भरली, हे मंडळीपुढं तिच्या देखत सांगण्याचं देणं मी अजून लागतो.