खाचेबाहेरचा डाग

वहिनी गेल्यानंतर दादाने पुन्हा बॉयलरच्या कामावर जायचं ठरवलं. त्यासाठी त्याला वेल्डरची परीक्षा नव्याने द्यावी लागणार होती. वाफेचे पाइप जोडणाऱ्यांसाठी नियम सरळ आहे : सलग सहा महिने त्या पद्धतीचं वेल्डिंग केलं नाही, तर पात्रता संपते. आधीचा अनुभव किती, हे विचारलं जात नाही. वहिनीच्या आजारपणात दादा तिला सोडून कुठल्याही साइटवर गेला नव्हता. अकोल्यातच एका दुकानात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि खिडक्यांचे गज जोडायचा. ते काम नियमात धरत नाहीत.

परीक्षा अमरावतीच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये होती. पास झाला तर त्याला गुजरातेत रुजू व्हायचं होतं. पोरगी लग्न होऊन गेलेली, घरात तो एकटा.

"घर खाऊन राह्यलं मले," तो म्हणाला होता. "तू चाल संगं."

एरवी त्याला कोणी सोबत लागत नसे. मी गेलो.

परीक्षेत दोन पाइपांची तोंडं तिरकी तासून समोरासमोर ठेवतात. मधे जी खाच राहते, ती वितळलेल्या धातूने भरायची. पाइप तिरपा आणि घट्ट बांधलेला असतो, फिरवता येत नाही. वेल्डरने त्याच्याभोवती फिरायचं, वाकायचं, खाली शिरायचं. ठिणगी खाचेतच पडली पाहिजे. बाहेर, पाइपच्या अंगावर वेल्डिंगचा रॉड टेकून पेटवला तर तिथे कडक ठिपका होतो, आणि दाबाखाली तिथूनच तडा जाऊ शकतो. त्यामुळे तसा डाग दिसला की परीक्षा घेणारी कंपनी पाइप नजरेच्या तपासणीतच बाद करायची. ट्रॉलीच्या दुकानात मात्र रॉड कुठेही झटकून पेटवतात. कोणी बघत नाही.

दादाचं काम संपायला दुपार झाली. तपासणीस तरुण होता, पुण्याकडचा. त्याने बॅटरीच्या उजेडात जोड गोल फिरून पाहिला.

"काका, जोड सुरेख आहे," तो म्हणाला. मग पाइपच्या खालच्या अंगाला त्याचं बोट थांबलं. "पण हे काय?"

खाचेच्या शेजारी मसुरीच्या दाण्याएवढे काळे डाग होते.

परीक्षेसाठी रांगेत उभ्या असलेल्या पोरांपैकी एक म्हणाला, "काय भाऊ, ट्रॉली समजले काय?"

"हूक बी लावून द्या तिले," दुसरा म्हणाला, "जिनिंगवर कापूस नेऊ!"

सगळे हसले. दादाही हसला. "आदत हो, पोट्टेहो. ट्रॉल्या जोडून जोडून हात बिघडला."

"सवयच आहे ना, मग काही हरकत नाही," तपासणीस म्हणाला. "लगेच दोन पाइप देतो. दोन्ही नीट आले की तुम्ही पास. नियमात बसतं."

दादाने हातमोजे काढले. "नाही सायेब. राहू द्या."

"अहो काका, एवढं चांगलं काम आहे तुमचं."

"राहू द्या."

तपासणीसाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दादा, कर ना." त्याने तोवर पिशवी उचलली होती.

बाहेर चहाच्या टपरीवर मी त्याला विचारलं, "काहून नाही केलं? दोनच त पाइप होते."

"दोन काय अन् वीस काय. मले खाच दिसत नाही."

मला ते लगेच कळलं नाही.

"उजवा डोळा गेला," तो म्हणाला. "काचबिंदू म्हनते डॉक्टर. एका डोळ्यानं अंतर समजत नाही, रॉड भलतीकडंच टेकते. एकदा पेटला का मंग हात बराबर चालते. वाटलं, हात जुना हाये, शोधून घेईन."

वहिनीला उपचारासाठी आत नेलं की तो बाहेर बसून असायचा. असंच एकदा बसलेला असताना त्याने त्याच दवाखान्यात डोळे दाखवले होते. उशीर करू नका, गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याने थेंबही आणले नाहीत.

"वहिनीला बोलला नाहीस?"

"बोललो असतो त ती म्हनली असती, आधी तुमचा डोळा. पलंगावरून उठून सरळ घरी आली असती. तुले मालूम नाही काय ती?"

मला मालूम होतं.

"वाटे, ती बरी झाली का मंग पाहू," तो म्हणाला. चहा त्याने तसाच ठेवला.

पुढच्या आठवड्यात मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डाव्या डोळ्यासाठी थेंब सुरू झाले. उजव्याबद्दल डॉक्टरांनी काही आशा दिली नाही. त्याच सुमारास तपासणीसाचा फोन आला. नवी तुकडी बसणार होती, त्याने दादाचं नाव घातलं होतं. "येतो ना सायेब, नक्की येतो," दादा म्हणाला. खरं का सांगितलं नाही, हे मी विचारलं नाही.

परीक्षेच्या तारखेला मी सकाळीच त्याच्याकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. तो अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. जागा होता. मी आल्याचं त्याला कळलं, पण तो वळला नाही.