बाईंनी कधी कागद दिला नाही

माझं जे काही बरं झालं, त्यात सगळ्यात मोठा वाटा आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या बाईंचा. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. घरातली मारहाण थांबली म्हणून शिकू शकलो, आणि ती थांबवली बाईंनी.

भूकंपात गाव गेलं आणि आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये आलो. दगडी भिंतींआड जे झाकलं जायचं ते पत्र्याआड झाकेना. आप्पा आईला मारायचे तेव्हा अख्ख्या ओळीला ऐकू यायचं. अशा नवऱ्यांना बाई दर रविवारी अंगणवाडीत बसवू लागल्या. जो यायचा नाही त्याच्या दारात वस्तीतल्या बाया जाऊन बसायच्या. बाई आधी बायकोला एकटीला गाठून विचारायच्या. हात उचलला असं ती म्हणाली, तर त्या रविवारी तो आत नाही, बाहेर उन्हात, सगळ्यांदेखत. आत बसलेल्यानं ‘चूक झाली’ म्हणायचं नाही. काय केलं ते सांगायचं. आप्पा कितीतरी रविवार बाहेरच होते. मग एकदा आत गेले आणि खाली बघत म्हणाले, "म्या तिला लाकडानं हाणलं. ती भाकरी करायली होती."

पुढं आप्पांनी सुधारल्याचा कागद मागितला, आईच्या माहेरी दाखवायला. बाई म्हणाल्या, "कागद कशाला? तुमची बायको हाय की. तिला इचारतील."

बाईंनीच मला लातूरला धाडलं. तिथं गल्लोगल्ली क्लास निघत होते, चौकाचौकात गुणवंतांच्या फोटोंचे बोर्ड. मी शिकलो, परीक्षा दिल्या आणि नांदेड जिल्ह्यात संरक्षण अधिकारी झालो. म्हणजे घरात मार खाणाऱ्या बाईची तक्रार कोर्टापर्यंत नेणारा सरकारी माणूस.

काही वर्षांनी खात्यानं मारकुट्या नवऱ्यांच्या समुपदेशनाचे नियम केले. मला आनंद झाला. वाटलं, बाईंचं काम आता सरकार करणार. नियमांत समुपदेशकाची पदवी होती, खोलीचं माप होतं, हजेरी होती, शेवटी प्रमाणपत्र होतं. बायकोला विचारायचं कुठंच नव्हतं. मान्यता मिळालेल्या एका संस्थेनं दारावर बोर्ड लावला: समेट झालेल्या जोडप्यांचे फोटो, गळ्यात हार. लातूरचे क्लास आठवले. पण क्लासवाले नापासाला निदान पुन्हा बसवायचे.

बिलोलीकडची एक बाई मार खाऊन माहेरी आली होती. तिला मी कचेरीत बोलावलं होतं, त्याच दिवशी नवरा प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये घालून आला.

"साहेब, पास झालो. आता धाडा हिला नांदायला."

मी तिला बाजूला घेऊन विचारलं. संस्थेत जायच्या दिवशीसुद्धा तो मारूनच जायचा, असं ती म्हणाली. मी अहवालात तसंच लिहिलं. वरच्या साहेबांनी तो परत केला. कोर्स पूर्ण केलेल्या माणसाबद्दल असं लिहायला नियमात जागा नाही म्हणाले. मी बाईंचे रविवार सांगितले, तर हसले. "तुमच्या बाईंना मान्यता आहे का?"

मग मी तिच्या भावाला भेटलो, पाठवू नका म्हणालो. त्यालाही बहिणीची काळजी होती. पण कागदावर शिक्का होता.

"सरकारनं लिहून दिलंय साहेब. तुमी बी सरकारच की."

त्यानं ओटी भरवून, साडी-नारळ देऊन तिला घालवली. त्यानंतर ती मला दिसली ती सरकारी दवाखान्यात, हात गळ्यात बांधलेला. संस्थेच्या बोर्डावर लागलेला त्या नवरा-बायकोचा फोटो तसाच होता. ओटी भरून पाठवलेली परत आली तर भावकी नावं ठेवेल, म्हणून भावानं दार लावून घेतलं होतं.

बाईंना आता फोनवर ऐकू येत नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून मी पत्र लिहिलं आणि लातूरच्या एस.टी.च्या कंडक्टरकडं दिलं:

"बाई, साष्टांग नमस्कार. एका बाईला तुमच्याकडं राहायला पाठवत आहे. तुमच्या रविवारच्या सभेला सरकारची मान्यता नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मग तिथं कागद देत न्हाईत ना? मी नाही म्हणालो, तेव्हा तयार झाली. उद्या दुपारच्या गाडीनं एकटी येईल. नेहमीसारखं आप्पांना स्टँडवर पाठवू नका. ते आता कसे आहेत हे तिला माहीत नाही, आणि पुरुष जवळ आला की ती अंग चोरते. तुम्हीच या."