जोसेफच्या गोठ्यात आमचा बाळकृष्ण

आता हसायचं न्हाई असं कबूल करा, तरच सांगतो. न्हाईतर चहा आपापल्या घरी जाऊन प्या!

आमच्या मल्लेश्वरमच्या गल्लीत समोरच जोसेफ राहतो. माणूस सोन्यासारखा. तेच तर दुखणं! दसऱ्याला इथल्या रीतीनं मी घरात बाहुल्या मांडतो, राजा-राणी, हत्ती, सगळं सगळं. बघायला कोण येतं? एकटा जोसेफ! आणि नाताळात त्यानं अंगणात येशूच्या जन्माचा गोठा मांडला की अख्खी गल्ली फोटो काढायला हजर. माझ्या पोटात नुसती मिरची!

यंदा नाताळच्या आदल्या संध्याकाळी जोसेफ घरच्यांना घेऊन चर्चला गेला. मी गुपचूप गेलो गोठा बघायला. गाई हायत, मेंढरं हायत, आईबाप गुडघे टेकून बसलेत... आणि मधली गव्हाण रिकामी! बाळच न्हाई!

काय आनंद झाला म्हणून सांगू!

"अरे या रे या! जोसेफ देवच मांडायला इसरला!" गल्लीभर बोंबललो. हां हां म्हणता गर्दी.

"आता काय करायचं, अण्णा?"

"मी हाय की!"

छाती फुगवून घरात गेलो, बायकोच्या देव्हाऱ्यातला रांगता बाळकृष्ण उचलला, आणि दिला ठेवून गव्हाणीत. लोक म्हणाले, "वा अण्णा, काय मन तुमचं!" जन्मात पहिल्यांदा जोसेफच्या अंगणात माझं नाव!

तेवढ्यात चर्चची प्रार्थना आटोपून जोसेफ आला. हातात पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं... मातीचं येशूबाळ!

"अण्णा, आमचं बाळ आज चर्चची प्रार्थना झाली की जन्मतं. तोवर गव्हाण रिकामीच ठेवायची असती."

गर्दीतनं माझी बायको पुढं आली. "अहो, अष्टमीला जन्माआधी कधी पाळण्यात कृष्ण ठेवलाय का आपण? एवढंबी कळंना? आणि माझा देव कुणाला इचारून उचलला?"

लोक पोट धरधरून हसले. म्हटलं, आता जोसेफ शिव्या घालणार. पण त्यानं बाळकृष्णाला स्वल्प सरकवलं आणि आपलं बाळ शेजारी ठेवलं. "सरी, चालतंय, जागा हाय." मग हात जोडले.

"देवा, दार उघडं टाकून आमचा सण करता येतो, कुणाला भ्यायचं न्हाई. वर शेजारी आपल्या घरचा देव सोबतीला आणतो. असली गल्ली दिलीस, तुझे लई उपकार."

माझेबी डोळे भरले, खोटं कशाला बोलू? पण टाळ्या कुणाला? जोसेफला! देव माझा, फजिती माझी, आणि नाव त्याचं!

बाळकृष्ण उचलायला वाकलो तर बायकोनं हात धरला. "गोठा उतरंपर्यंत राहू द्या. आपल्या घरी त्याला इतकी माणसं कधी भेटली?"

"आणि मी सकाळी हात कुणाला जोडू?"

"समोर जायचं!"

झालं! रोज आंघोळ करून मी जोसेफच्या फाटकात उभा. तो हसत म्हणायचा, "बन्नी अण्णा, या, दर्शनाला ना?" आणि प्रसाद म्हणून हातावर केक ठेवायचा.

म्हटलं, निदान केक तरी फसला असंल. कसचं काय! दुसरा तुकडा मागून घ्यावा लागला.